खड्डे बुजले... आता रस्ता सांभाळा!

‘कोरेगावला चाललोय’ असं पुण्यात कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘पार्कात? कुठे भेटताय?’ मग सांगावं लागतं, की बाबा रे, पार्क नाही आणि भीमाही नाही. साताऱ्याच्या पुढे वीसेक किलोमीटरवर तालुक्याचं गाव आहे, ते आमचं कोरेगाव. तिथे मे महिन्यात माझ्या चुलत भावाचं लग्न होतं. आणि माझ्या गालाची सगळी भानगड त्याच लग्नात झाली.

खरं तर भानगडीची तयारी मी नऊ दिवस आधीच करून ठेवली होती. कॉलेजात असताना मला पिंपल्सनी सॉलिड छळलं. पिंपल्स गेले, पण जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेले. ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली ते फार दिसायचे नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर बाजूच्या खिडकीतून उजेड आला, की माझा गाल म्हणजे पावसाळ्यातला सिंहगड रोड! तीन वर्षं विचार केला, दोन वर्षं पैसे साठवले आणि शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन लेसर करून घेतला. फ्रॅक्शनल सीओटू लेसर आणि त्याच्या जोडीला सबसिजन. डॉक्टर मॅडमनी घरी जाताना दोन पानी सूचना हातात दिल्या. त्यातली ठळक अक्षरातली ओळ होती, ‘ऊन टाळा.’ त्यांनी तोंडीही विचारलं, की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बाहेरगावी जायचं आहे का, काही कार्यक्रम आहे का? मी म्हणालो, ‘छे छे, काही नाही.’

का म्हणालो? कारण ‘लग्न आहे’ म्हटलं असतं, तर त्यांनी तारीख पुढे ढकलली असती. आणि मला लग्नाच्या फोटोंत गुळगुळीत दिसायचं होतं! घरी तर मी काहीच सांगितलं नव्हतं. मुलगा असून चेहऱ्यावर एवढे पैसे घालतोस, हे ऐकायची हिंमत नव्हती. एक गोष्ट डॉक्टरांपासून लपवली, एक घरच्यांपासून. पुढचे सहा महिने मी या दोन्ही गप्प बसण्याचं भाडं भरत होतो.

खड्डा वेगळा, डाग वेगळा

पुढचं सांगण्याआधी थोडे फंडे क्लिअर करून घेऊ. आपण सगळ्यालाच ‘डाग’ म्हणतो. पण पिंपल गेल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी मागे राहू शकतात. एक म्हणजे खड्डा. पिंपलच्या दाहात त्वचेच्या आतलं कोलॅजन नष्ट होतं आणि वरचा भाग खाली बसतो. काही खड्डे सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात, काही कडा उभ्या असलेल्या चौकोनी डब्यासारखे, तर काही लाटेसारखे उथळ आणि पसरट. दुसरी गोष्ट म्हणजे रंगाचा डाग. तिथे त्वचा सपाटच असते, फक्त जास्त मेलॅनिन साठल्यामुळे काळपट दिसते.

उपचार या दोन्हींसाठी वेगळे. लाटेसारख्या खड्ड्यांत त्वचेला आतून खाली ओढून धरणारे धागे असतात. सुई घालून ते कापतात, म्हणजे सबसिजन. हे नाव डॉ. ओरेन्ट्राइख पितापुत्रांनी १९९५ मध्ये रूढ केलं. फ्रॅक्शनल लेसरची कल्पना २००४ मध्ये अमेरिकेत मॅनस्टाइन आणि अँडरसन यांनी मांडली. अख्ख्या गालाचा वरचा थर काढण्याऐवजी लेसरने चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पाडायची आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. या शाबूत त्वचेमुळे जखम लवकर भरते आणि भरता भरता आत नवं कोलॅजन तयार होतं. मायक्रोनीडलिंगमध्ये हेच काम बारीक सुया करतात. म्हणजे साधी गोष्ट लक्षात घ्या, उपचार म्हणजे मुद्दाम केलेल्या, मोजून-मापून केलेल्या जखमा. खड्डा डॉक्टर बुजवत नाहीत. तो आपली त्वचा बुजवते, पुढच्या तीन ते सहा महिन्यांत. डॉक्टर फक्त तिला कामाला लावतात.

आणि इथेच आपल्या रंगाचा प्रश्न येतो. हार्वर्डच्या डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडायला सुरुवात केली. आज त्याचे सहा प्रकार मानतात आणि आपण बहुतेक मराठी माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. या त्वचेचा फायदा म्हणजे ती उन्हाने सहज भाजत नाही. तोटा असा, की तिच्यातल्या रंग बनवणाऱ्या पेशी भलत्याच तत्पर असतात. जखम झाली, भाजलं, खाजवलं, की लगेच रंग ओतायला तयार! डॉक्टर याला पोस्ट इन्फ्लमेटरी हायपरपिगमेंटेशन म्हणतात, थोडक्यात पीआयएच. लेसरच्या उष्णतेने या पेशी आधीच चिडलेल्या असतात. त्यात ऊन मिळालं, की खड्डा भरेल पण डाग येईल.

डावा गाल, एसटीची खिडकी

आता लग्न. लेसर गुरुवारी झाला. दोन दिवस चेहरा लालबुंद, तापलेला. मग बारीक ठिपक्यांची खरखरीत खपली धरली. सात-आठ दिवसांत ती आपोआप पडली आणि आतून गुलाबी, चकचकीत त्वचा दिसायला लागली. मी खूश! मला वाटलं, झालं काम.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी स्वारगेटहून विनाथांबा सातारा पकडली. डावीकडची खिडकी मिळाली, म्हणून लॉटरी लागल्यासारखा बसलो. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून साताऱ्याला जाताना गाडी दक्षिणेला जाते. म्हणजे सकाळी डावीकडे पूर्व, आणि पूर्वेला सूर्य. कात्रजपासून खंबाटकीचा घाट चढून साताऱ्यापर्यंत शंभरेक किलोमीटरचं अंतर माझा डावा गाल उन्हात शेकत होता. खिडकीची काच लावली होती ना, मग कसलं ऊन? इथेच फसगत होते. साधी काच यूव्हीबी किरण बऱ्यापैकी अडवते, पण यूव्हीए आत येऊ देते. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापला होता. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. तिकडे ड्रायव्हरची खिडकी डावीकडे असते. त्याच्या चेहऱ्याचा डावा भाग उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला होता. ट्रक एकच, माणूस एकच, फरक फक्त खिडकीचा.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. संध्याकाळी हळद. वहिनीने नवरदेवाची उरलेली हळद दोन्ही मुठी भरून माझ्या गालावर चोळली, चांगली रगडून. मी ‘नको नको’ म्हणालो, पण ‘का नको’ ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी साडेबाराचा मुहूर्त. त्याआधी मारुतीच्या देवळापर्यंत नवरदेवाची मिरवणूक, पुढे बँजो, आणि घोड्यापुढे नाचायला मी. सकाळी एकदा सनस्क्रीन लावलं होतं, वाटाण्याएवढं. ते घामाबरोबर साताऱ्याच्या दिशेने कधीच वाहून गेलं होतं.

‘वाघ्या घेवडा झालाय बघ!’

पुण्यात परत आल्यावर दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात दाढी करताना आरशात बघितलं, तर गालांवर तपकिरी छटा. आठवडाभरात ती गडद झाली. आणि लेसरच्या ठिपक्यांच्या ओळी असतात ना, तसेच पट्टे पडले. डाव्या गालावर जास्त.

जूनच्या सुरुवातीला गावी गेलो, तर दारातच चुलतभाऊ म्हणाला, ‘आरं लका, ह्यो तर वाघ्या घेवडा झालाय बघ!’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाघ्या घेवडा हे आमच्या कोरेगाव तालुक्याचं खास पीक आहे. राजम्याच्या जातीचा दाणा, त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे. त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. तालुक्याचा अभिमान, पण गालावर नको!

सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप आली नाही. जे घालवायला दोन वर्षं पैसे साठवले, त्यापेक्षा वाईट काहीतरी घेऊन बसलो होतो. आणि डॉक्टर मॅडमकडे जायची लाज वाटत होती, कारण मी खोटं बोललो होतो. ही लाज फार महाग पडते, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी एका मित्राने उपाय सांगितला. मेडिकलमधून एक ट्यूब आण, दाढी झाल्यावर लावत जा, आठ दिवसांत गोरा होतोस. चिठ्ठी वगैरे कुणी मागितली नाही. आणि खरं सांगतो, जादू झाली! लाली गेली, पट्टे फिके झाले, चेहरा एकदम ग्लो. तीन आठवडे लावली. ट्यूब संपली, नवी आणायचं राहून गेलं, आणि चौथ्या दिवशी चेहरा पेटला. खाज, आग, लाली आणि कॉलेजनंतर पहिल्यांदाच पुळ्यांची फौज.

तेव्हा कुठे मी डॉक्टर मॅडमसमोर जाऊन बसलो आणि सगळं खरं सांगितलं. लग्न, एसटी, हळद, ट्यूब, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त रिकामी ट्यूब मागितली, उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. तीन औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक स्टेरॉइड.

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य आजारात, मोजक्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत ते उत्तम काम करतं. पण चेहऱ्यावर मनाने लावलं, की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुळ्या येतात आणि बंद केलं की त्वचा उसळून येते. मग माणूस घाबरून परत लावतो. नव्याने भरत असलेल्या त्वचेवर तर हा आगीशी खेळ आहे, कारण कोलॅजन बनायला हवं त्याच वेळी स्टेरॉइड ते बनू देत नाही. म्हणजे लेसरचे पैसे एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने पुसायचे!

आणि हा मूर्खपणा करणारा मी एकटा नाही. देशातल्या १२ केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातले २९ टक्के ते फेअरनेस क्रीम किंवा आफ्टरशेव्ह म्हणून वापरत होते, तर २४ टक्के मुरुमांसाठी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम आहे. पण ट्यूब हातात पडण्याआधी ती उलटी करून वाचायचं काम शेवटी आपलंच. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, की हात आवरा आणि डॉक्टरांना फोन करा.

मग करायचं काय?

माझ्यासारखी ठेच लागू नये म्हणून, दिवसांच्या हिशेबाने सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

आधी: कॅलेंडर उघडा. पुढच्या चार ते सहा आठवड्यांत लग्न, ट्रेक, गावची जत्रा, क्रिकेटची मॅच असेल, तर तारीख पुढे ढकला. हिवाळ्यातला किंवा पावसाळ्यातला निवांत महिना बरा. ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड येत असतील, जखमेचा व्रण फुगत असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर न विचारता सांगून टाका.

पहिले दोन-तीन दिवस: कोमट किंवा साध्या पाण्याने हलक्या हाताने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, पुसू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. जखम ओलसर राहिली की लवकर भरते. उशीचा अभ्रा रोज बदला. जिम, वाफ, स्विमिंग बंद.

खपली पडेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर: खपली उचकटायची नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हात नकळत गालावर जातो, तो आवरा. मुलांनो, दाढी वाढू द्या, रेझर नको. दाढीवाला लुक तसाही चालतो! हेल्मेट आतून स्वच्छ ठेवा, आणि शक्य असेल तर हा आठवडा रिक्षा किंवा बस.

पहिले दोन आठवडे: स्क्रब, रेटिनॉल, ॲसिड असलेले फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम, आफ्टरशेव्ह, सगळं कपाटात. लिंबू, बेसन, हळद, तुरटी हे सगळं स्वयंपाकघरात. मायक्रोनीडलिंगचा रोलर ऑनलाइन मागवून घरी फिरवायचा विचार असेल, तर तोही सोडा.

खपली पडल्यापासून पुढचे तीन महिने: सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, शिवाय यूव्हीएपासून संरक्षण देणारं. एसपीएफ ३० म्हणजे सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडतात, ५० म्हणजे ९८ टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता हे महत्त्वाचं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत ओढलेली रेघ चेहरा आणि मानेसाठी लागते. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मिळालं तर उत्तम, कारण सावळ्या त्वचेवर नुसत्या उजेडानेही डाग गडद होतात आणि ते त्यालाही अडवतं. ढग आले म्हणून सुट्टी नाही. आणि टोपी, छत्री, रुमाल यांना अजून पर्याय निघालेला नाही.

लगेच फोन करा: तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा पिवळी खपली दिसली, ताप आला, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोसका उठला, तर ‘बघू उद्या’ करू नका.

आणि आरशाला वेळ द्या. नवं कोलॅजन हळूहळू बनतं. दुसऱ्या आठवड्यात चेहरा गुळगुळीत वाटतो तो थोडा सुजेमुळे, आणि सहाव्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ वाटतं ते सूज उतरल्यामुळे. खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी. खड्डे शंभर टक्के जात नाहीत, हेही आधीच ऐकून ठेवा. निम्मे भरले तरी खिडकीतल्या उजेडात चेहरा वेगळा दिसतो.

सावली

माझं पुढे काय झालं? चार महिने पुढची सीटिंग बंद. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं एक क्रीम आणि भरपूर संयम. दिवाळीपर्यंत पट्टे बऱ्यापैकी फिके झाले. वरच्या थरातला रंग असा महिन्यांत उतरतो. खोल गेलेला असेल तर वर्षही लागतात. मी वाचलो. नोव्हेंबरमध्ये दुसरी सीटिंग झाली, पण यावेळी तारीख ठरवायच्या आधी मी डॉक्टरांना सगळे कार्यक्रम वाचून दाखवले, आणि घरी फोन केला.

सगळं सांगितलं. पैसे किती गेले तेही. आईने ‘मग तेव्हाच का नाही बोललास’ एवढंच विचारलं. फोन आज्जीकडे गेला. तिला लेसर-बिसर काही कळलं नाही. म्हणाली, ‘म्हंजी नवं कातडं आलंय म्हण की. आरं, वांग्याचं रोप लावलं तरी चार दिस सावली करतुया आपण. तुला कुणी सांगितलं नव्हतं व्हय?’

सांगितलं होतं की, आज्जी. दोन पानांवर, ठळक अक्षरांत.

डिसेंबरात नव्या सुनेचा पहिला सण म्हणून कोरेगावला गेलो, तर साताऱ्याच्या स्टँडवर चुलतभाऊ गाडी घेऊन हजर. मागच्या सीटवर एक छत्री. म्हणाला, ‘आज्जीनं दिलीया. आणि उजवीकडं बस, तिकडं ऊन न्हाई.’ आम्ही पूर्वेला, समोरच्या उन्हात निघालो होतो, पण मी काही बोललो नाही. टोपी खाली ओढली आणि उजवीकडे बसलो.